मिटल्या डोळ्यांचा तोल

सेक्टर दोनमध्ये कुजबुज अशी होती की सुगत मेश्राम पिऊन विहारात येतो. वरून वेलची चावतो म्हणे, म्हणून वास येत नाही.

आता प्लांटच्या माणसानं घेतली तर भिलाईत कोण कान टवकारतं? पण सुगत बावीस वर्षं दर रविवारी विहारात पुढे राहून सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेत होता, आणि पाचवं शील दारूचंच. शेजारच्या टिकारामची बाटली त्यानं एकदा टिकारामच्या बायकोदेखत नालीत ओतली होती. टिकारामनं ते मनात जपून ठेवलं होतं.

फेब्रुवारीत पावर हाउस चौकात चालत्या ऑटोतून उतरताना सुगतचा उजवा पाय नालीवरच्या जाळीत अडकला. अंग वळलं, गुडघा वळला नाही. महिन्याभरात सूज उतरली, तो ड्युटीवर जाऊ लागला, आणि लोकांच्या लेखी प्रकरण मिटलं. फक्त मांडी घालता येईना. म्हणून वंदनेला बाकी सगळे बसत आणि हा एकटा उभा, हात जोडून, डोळे मिटून.

पहिल्याच रविवारी तो झुलायला लागला. चार शीलं कशीबशी पार पडली. पाचव्याला, नेमक्या त्याच, तो उजवीकडे कलंडला तो थेट मेणबत्त्यांच्या ताटावर. उचलायला सगळ्यांत आधी टिकाराम धावला. उचलता उचलता त्यानं हुंगूनही घेतलं. वास आला नाही, तेव्हा वेलचीची गोष्ट निघाली.

त्या संध्याकाळी कमलानं नवऱ्याला चहा दिला आणि कप घ्यायला वाकली ती जरा जास्तच वाकली. सुगतच्या ते ध्यानात आलं. तीस वर्षांच्या संसारात बायकोनं त्याचं तोंड पहिल्यांदाच हुंगलं होतं.

तो पद्मनाभपूरच्या एका फिजिओथेरपीवाल्या पोरीकडे गेला. करिष्मा नाव तिचं. तिनं त्याला नुसत्या उजव्या पायावर उभं केलं. उभा राहिला. मग म्हणाली, "अब आँखें बंद करो, अंकल." बंद केले, आणि तो तिच्याच अंगावर गेला. तिनं समजावलं की लिगामेंट म्हणजे नुसती दोरी नाही. त्यात बारीक नसा असतात, पाय कुठं आहे, किती वाकला आहे, ते त्या डोक्याला कळवत राहतात. दोरी तुटली, खबरही तुटली. डोळे उघडे असले की डोळे ते काम करतात. मिटले की पाय आहे कुठं, हेच डोक्याला कळत नाही.

सुगत तिची चिठ्ठी घेऊन विहार समितीच्या भय्याजींकडे गेला. टिकाराम तिथं आधीच बसलेला. भय्याजींनी चष्मा लावून इंग्रजी चिठ्ठी वाचली. 'बॅलन्स पुअर' एवढं त्यांना समजलं.

"बॅलन्स तं आमाले बी दिसते, भाऊ," टिकाराम म्हणाला. "त्याले चिठ्ठी कायले पायजे?"

"गुडघा तुटला तं गुडघा दुखन," भय्याजी म्हणाले. "डोयाचा काय संबंध? सुगत, तू मले लहान पोरगं समजून राहिला का?"

"दुखत नाही भय्याजी, तेच तं सांगून राहिलो. पाय हाये का नाही, तेच समजत नाही."

भय्याजींनी टिकारामकडे पाहिलं. असं बोलणारा माणूस शुद्धीवर असतो, हे त्यांना पटेना.

पुढच्या रविवारी सुगतनं डोळे उघडे ठेवले. खुंटासारखा सरळ उभा राहिला, एक शब्द चुकला नाही. पण डावीकडे बायका बसतात. दुपारपर्यंत सेक्टरभर झालं की मेश्राम आता वंदनेत बायकांकडे पाहतो. तेव्हा खुद्द कमलाच म्हणाली, "सोडा ना आता. मले नळावर उभं राहू देत नाहीत."

त्यानं सोडलं.

त्याच्या जागी समितीनं प्रशांत नावाच्या एकाला पुढे केलं. प्रशांत शनिवारी घेतो, हे भय्याजींनाही ठाऊक आहे. पण रविवारी सकाळी तो मांडी घालून बसतो, डोळे मिटतो आणि तसूभर हलत नाही. आवाजही गोड आहे. सुगत मागच्या भिंतीला पाठ लावून उभा राहतो आणि त्याच्यामागून पाचवं शील म्हणतो. टिकाराम कधीमधी वळून बघतो.

सुगत मेश्रामनं आयुष्यात दारूचा थेंब तोंडात घेतला नव्हता. त्याच्या उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं होतं, आणि डोळे मिटल्यावर त्याला स्वतःचा पाय जाणवत नव्हता.