नलूताईंची मिटलेली वही

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

दर मे महिन्यात नगरच्या सावेडी भागातल्या एका शाळेत शिक्षकांचा आणि ग्रंथपालांचा लेखनवर्ग भरायचा. आठ दिवस. विषय मिळायचा, तासभर लिहायचं, मग गोल करून बसायचं आणि ज्याचं त्यानं वाचायचं. नियम एकच — वाचून झालं की वाहवा करायची नाही, चूक काढायची नाही, सगळ्यांनी फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं. मास्तर लोकांना चूक काढू नका म्हणायचं म्हणजे — जाऊ द्या.

मी तेव्हा श्रीगोंद्याकडच्या एका हायस्कूलवर मराठी शिकवायचे. नलूताई आमच्याच शाळेच्या ग्रंथपाल. दोघी सकाळच्या एसटीनं नगरला यायचो. ताई खिडकीची जागा मला द्यायच्या आणि पिशवीतून कैरीच्या फोडी काढायच्या, तिखटमीठ लावलेल्या. दोन तास तोंड बंद नसायचं आमचं. अजूनही मे लागला की त्या एसटीचा खडखडाट कानात येतो. फार सुखाचे दिवस होते ते, आणि ते मीच नासवले.

पाचव्या दिवशी विषय आला — ‘परत आलेलं मूल’. सगळे खाली मान घालून लिहायला लागले. माझं पेन हलेना. इतकी वर्षं नोकरी करून माझ्याकडे असं एकही मूल नसावं? मग मी मंगल लिहिली.

मंगल आठवीत माझ्या वर्गात होती. आईबाप उसात जायचे, धाकटी बहीण हिच्या कडेवर. दिवाळीनंतर ती यायचीच बंद झाली. नलूताई म्हणाल्या, “बाई, आपन जाऊन येऊ का तिच्या घरी?” आणि मी काय म्हणाले? म्हणाले — आत्ताही सांगायला जड जातंय — “असल्या पोरी टिकत नाहीत ताई. मी नाव कमी करतेय तिचं.”

ताई एकट्या गेल्या. चार वेळा, शाळा सुटल्यावर, चालत. आईला राजी केलं, धाकटीलाही घेऊन ये म्हणाल्या. मग ती चिमुरडी वाचनालयात ताईंच्या सतरंजीवर झोपायची आणि मंगल माझ्या वर्गात बसायची. पोरगी दहावी पास झाली.

हे सगळं मी लिहिलं. फक्त ताईंच्या जागी मी. उसाच्या बांधावर आईशी बोलत बसले ती मी, सतरंजी अंथरली ती मी. ताईंच्या पायात बाभळीचा काटा मोडला होता — तोही मी माझ्या पायात घातला. माझ्या पाळीला मी ते वाचलं, बघा. बाया पदरानं डोळे टिपत होत्या. सगळे म्हणाले, ‘ऐकलं.’ नलूताईही म्हणाल्या.

त्या समोर बसलेल्या आहेत हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण त्या बोलायच्या नाहीत, एवढी खात्री होती मला. त्यांच्या चांगुलपणाचाच भरवसा धरला मी.

पुढच्या पाळीला त्या उठून माझ्याशेजारच्या खुर्चीवर आल्या — वाचणाऱ्यानं तिथं बसायचं असे. मांडीवर वही उघडी होती. दोन पानं भरलेली. पहिली ओळ मला दिसली — ‘मंगल येईना म्हणून मी तिच्या आईला भेटायला गेले.’

नुसतं वाचलं असतं तरी पुरे होतं. माझ्याकडे बोटसुद्धा दाखवायला नको होतं. त्यांनी वहीकडे पाहिलं आणि वही मिटली. म्हणाल्या, “मला आज काही सुचलं न्हाई.”

आणि नियमाप्रमाणे आम्ही सगळे म्हणालो, ‘ऐकलं.’ मीसुद्धा.

परतताना त्यांनी खिडकीची जागा मला दिली. कैरी काढली. मी खाल्ली.

दुसऱ्या वर्षापासून त्या वर्गाला आल्या नाहीत. घरी पाहुणे असतात म्हणाल्या. पुढं सहा वर्षं आम्ही एकाच स्टाफरूममध्ये चहा प्यायलो. कुठल्याही दिवशी बोलता आलं असतं. त्यांच्या निरोप समारंभात भाषण मीच केलं, त्यात मंगल सोडून सगळं होतं.

आता तो वर्ग मी चालवते. खरं तेच लिहा, असं दरवर्षी नव्या लोकांना सांगते आणि माझी जीभ अडखळत नाही. नलूताई घोडेगावला लेकाकडे असतात. मी आता सावेडीतच राहते; माझ्या घरापासून तासाभराचा रस्ता.

मंगलच्या घरी मी गेले नव्हते. नलूताईंच्याही गेलेले नाही.