गुरुवारची बाई

किस्से कोणी ठरवून जमवत नाही. ते घरात साठत जातात. मग एक दिवस कोणाचा तरी फोन येतो आणि एकातून दुसरा निघत राहतो. आमच्याकडचे बहुतेक किस्से गुरुवारी साठले, कारण एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची.

फोन आला तो दिवस अगदी साधा होता. शाळेतून येऊन मी कुकरची रिंग शोधत होते. सासूबाई खिडकीपाशी मेथी निवडत होत्या. फोनवर भास्कर भाऊजी होते. ना नमस्कार, ना कशा आहात, एकदम ओरडलेच,

"वहिनी, बाई परत आली!"

मी म्हटलं, "कोण, सुनीता? ती तर दिवाळीनंतर येणार होती ना गावाहून?"

"भांड्याची बाई नव्हं ओ! आपली बाई! भुताची! कंपनीनं नवीन करून काढलीय. पिक्चर एकदम चकाचक!"

सासूबाईंनी खिडकीपासून विचारलं, "कोण आलंय गं?"

"बाई," मी म्हटलं.

"बरं झालं. कालची कढई तशीच पडलीये."

*

ही बाई म्हणजे एका जुन्या कॉम्प्युटर गेममधलं भूत. सुहास, म्हणजे माझा नवरा, भास्कर भाऊजी आणि विलास भाऊजी हे तिघं तेव्हा भोसरीच्या एका टूलरूममध्ये, म्हणजे साच्यांच्या कारखान्यात, कामाला होते. आम्ही नुकतेच यमुनानगरला राहायला आलो होतो. तिघांत कॉम्प्युटर फक्त आमच्याकडे, तोही सेकंडहँड. त्यामुळे दर गुरुवारी दोघं आमच्याकडे यायचे आणि हॉलमध्ये तीन माणसं एका माउसवर भांडायची.

गेमची सीडी सुहासने पिंपरी कॅम्पातून आणली होती. त्याने दुकानदाराला विचारलं, "भीतीची आहे की विनोदी?"

दुकानदार म्हणाला, "साहब, पहले डरोगे, फिर हँसोगे."

विलास भाऊजी बरोबर होते, चिपळूणचे. ते असं कोणाला सोडत नाहीत. "और नहीं हँसे तो?"

"तो बदल के दूँगा!"

गेममध्ये एक पडीक बंगला आणि त्यात मेलेली हाउसकीपर, लांब झगा, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. ती माणसं मारायची कमी आणि रागवायची जास्त. चिखलाचे बूट घालून आलात की ओरडायची, दार उघडं टाकलंत की यायचीच. गेमचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. पहिल्याच गुरुवारी तिचं नाव 'बाई' पडलं.

या गेमचा शेवट मात्र आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. का, ते पुढे येईलच. तो तिघांनी मिळून बघायचा, असं ठरलेलं होतं. सुहास जाऊन आता दीड वर्ष झालंय. तेव्हापासून गुरुवारही बंद होते. दोघं इतर वेळी यायचे, चौकशी करायचे, सासूबाईंची औषधं आणून द्यायचे, पण गुरुवार सोडून.

त्या दिवशी फोनवर भास्कर भाऊजी शेवटी म्हणाले, "मग वहिनी, या गुरुवारी येऊ का?"

मी म्हटलं, "या."

*

मी शाळेत इंग्रजी शिकवते. म्हणजे मुलांची मीही 'बाई'च. तेव्हाच्या एका गुरुवारी सातवीतल्या एका मुलीचे वडील पेपरचे मार्क विचारायला घरी आले. बिचारे शर्ट खोचून, केस विंचरून आलेले. त्यांनी बेल वाजवली आणि विचारलं, "बाई आहेत का?"

नेमकं त्याच क्षणी आतून तिघं एका आवाजात ओरडले, "बाई आली! बाई आली!"

"दार लाव! आधी दार लाव!"

"अरे बघत काय बसलास, झाडू घाल तिच्या डोक्यात!"

मी स्वयंपाकघरातून दाराशी येईपर्यंत गृहस्थ जिना उतरलेले. दुसऱ्या दिवशी मुलीने शाळेत हळूच विचारलं, "बाई, तुम्हाला लागलं नाही ना?"

*

बाईला घालवायला गेममध्ये एक बटण होतं. ते दाबलं की आपला माणूस हात वर-खाली करायचा, गुडघे वाकवायचा, काहीतरी पुटपुटायचा आणि बाई धूर होऊन जायची. भास्कर भाऊजी हे बटण दाबायला सांगताना म्हणायचे, "व्यायाम! व्यायाम कर!"

मला वाटलं, आपसांतला काही शब्द असेल. एकदा पोह्यांच्या बश्या घेऊन हॉलमध्ये गेले आणि स्क्रीनवर वाचलं. म्हटलं, "भाऊजी, हे एक्सरसाइज नाही. एक्झॉर्साइज आहे. भूत उतरवणं."

सुहास म्हणाला, "म्हणजे आपण इतके दिवस तिच्यापुढे कवायत करतोय असं समजत होतो?"

भास्कर भाऊजी मुळीच खजील झाले नाहीत. "फरक काय पडतो वहिनी? गेली ना ती?"

पुढे तो शब्द कंपनीत गेला. कोणी साहेब फार डोकं खायला लागला की तिघांतला एक जण म्हणायचा, "याला व्यायाम द्यावा लागतोय."

*

गुरुवारी लाइट जायचे. त्यावर उपाय म्हणून विलास भाऊजींनी कुठून तरी एक यूपीएस आणला. त्याची बॅटरी अर्धमेली होती. लाइट गेले की तो कॉम्प्युटर चालू ठेवायचा नाही, फक्त पीं पीं करून बोंबलायचा. आणि गेममध्ये बाई जवळ आली की असंच पीं पीं व्हायचं!

एका संध्याकाळी लाइट गेले. स्क्रीन काळी, हॉलमध्ये अंधार आणि पीं पीं पीं. विलास भाऊजी पुटपुटले, "अरे, जवळच आहे कुठेतरी," आणि त्यांनी मागे वळून पाहिलं. दारात पांढरं पातळ नेसलेल्या सासूबाई, हातात निरांजन, उजेड खालून तोंडावर.

विलास भाऊजी किंचाळून सोफ्यावर चढले. नुसते चढले नाहीत, त्यांनी दोन्ही हात वर-खाली करून व्यायामही केला.

सासूबाई म्हणाल्या, "लाइट गेले म्हणून दिवा आणला. यात नाचण्यासारखं काय आहे?"

*

सासूबाईंचं गुरुवारी दत्ताचं असायचं. घरात एकीकडे आरती आणि एकीकडे भूत, हे त्यांना पटत नव्हतं, पण मुलाला त्या कधी बोलल्या नाहीत. आरती झाली की सगळ्यांना प्रसाद द्यायच्या, इतकंच.

तर तिघं शेवटच्या खोलीपर्यंत पोचले. बऱ्याच गुरुवारांची मेहनत होती. मोठ्ठं दार, दारात स्वतः बाई. तेवढ्यात चहा आला, म्हणून तिघं उठून गॅलरीत गेले. जाताना कोणाचा तरी हात बटणावर पडला असावा. कॉम्प्युटरचा सीडीचा कप्पा बाहेर आला.

सासूबाई प्रसाद वाटत तिथे पोचल्या. त्यांनी त्या कप्प्यात सीडीवर चार साखरफुटाणे ठेवले, वर चिमूटभर अंगारा टाकला आणि पुढे गेल्या. सुहास परत आला, त्याने न बघता कप्पा आत ढकलला.

तो आवाज मला अजून आठवतो. मिक्सरमध्ये खडे पडल्यासारखा.

सुहास डोकं धरून म्हणाला, "आई, त्यात कशाला ठेवलंस?"

सासूबाई म्हणाल्या, "त्यानेच ताटली पुढे केली. मला वाटलं, मागतोय."

सीडी पुसली, घासली, टूथपेस्टसुद्धा लावून झाली. सगळा गेम चालायचा, पण त्या दारापाशी आला की अडकायचा. बाई विचारायची, "राहणार की जाणार?" दोन उत्तरं दिसायची आणि स्क्रीन गोठायची. दुकानदाराकडे दुसरी सीडी नव्हती. "हँसे के नहीं?" एवढंच त्याने विचारलं.

पुढे इंटरनेट आलं. माझ्या भाचीने सुहासला सांगितलं, "काका, शेवट ऑनलाइन आहे. दोन मिनिटांत दाखवते."

तो म्हणाला, "नको. दुसऱ्याने उघडलेलं दार आम्ही बघणार नाही."

*

टूलरूम बंद झाली आणि तिघं चाकणला वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. भास्कर भाऊजी क्वालिटीत लागले. एकदा ऑडिटला मुंबईहून एक मॅडम येणार होत्या. त्यांची गाडी गेटवर दिसली तसा भाऊजींनी लाइनवर फोन केला, "बाई आली! दारं लावा!" म्हणजे कपाटांची दारं. आत पसारा होता.

लाइनवर सुपरवायझर नवीन होता. त्याने वर्कशॉपचं शटरच खाली ओढलं. मॅडम बाहेर, भर उन्हात.

भास्कर भाऊजी म्हणाले, "सेफ्टी ड्रिल चालू आहे मॅडम."

मॅडमनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाल्या, "छान. वेळेत केलं."

*

सुहास हॉस्पिटलमध्ये होता तेव्हा दोघं रोज आळीपाळीने यायचे. एकदा दोघं एकदम आले. नर्स इंजेक्शनचा ट्रे घेऊन आत आली आणि विलास भाऊजी सवयीने म्हणाले, "बाई आली."

सुहास डोळे मिटूनच म्हणाला, "दार लाव."

नर्स रागावली. "बाई काय? सिस्टर म्हणायचं."

"मानाने म्हणतोय हो सिस्टर," विलास भाऊजी म्हणाले. "आमच्यात याहून मोठी पोस्ट नाही."

ती इंजेक्शन देऊन गेली. जाताना दार लावून गेली.

*

तर त्या गुरुवारी दोघं आले. विलास भाऊजींनी लॅपटॉप आणला होता, तो आमच्या टीव्हीला जोडला. सोफ्यावर मधली जागा रिकामी राहिली. ती थोडा वेळ तशीच होती, मग सासूबाई येऊन तिथे बसल्या. "इथनं नीट दिसतं," म्हणाल्या.

गेम सुरू झाला आणि पहिली अडचण भुताची नव्हती. अक्षरं बारीक होती. भास्कर भाऊजींनी चष्मा काढला, लावला, पुन्हा काढला.

"पूर्वी अंधारात बाई दिसायची नाही म्हणून भ्या वाटायचं," ते म्हणाले. "आता उजेडातपण दिसंना!"

नव्या गेममध्ये अडलं की तो स्वतःच सुचवतो, किल्ली फुलदाणीत बघा म्हणून. भास्कर भाऊजींना ते फार लागलं. "आम्ही काय नवीन आहोत का? या फुलदाणीपायी मी एकदा रजा टाकलीय!"

आणखी एक सोय आहे. एक बटण दाबलं की सगळं जुन्यासारखं दिसतं. तेच चौकोनी ठोकळे, तोच फिका रंग. पुन्हा दाबलं की नवं. पुढच्या गुरुवारी विलास भाऊजींच्या बायकोने, सीमाने, ते पाहिलं. ती चार-पाच वेळा बटण दाबून बघत राहिली, मग नवऱ्याच्या पोटाकडे बघून म्हणाली, "वहिनी, यांचं बटण कुठे असेल हो?"

विलास भाऊजी म्हणाले, "दोघांचं मिळून एकच आहे. दाबू का?"

सीमाने लॅपटॉप खाली ठेवला.

*

असे काही गुरुवार गेले आणि एका दुपारी आम्ही त्या दारापाशी पोचलो. बाई उभी होती. झग्याची लेससुद्धा दिसत होती. तिने विचारलं, "राहणार की जाणार?" दोन उत्तरं आली. स्क्रीन गोठली नाही. मागे मेणबत्त्या हलत होत्या.

भास्कर भाऊजींनी माउस विलास भाऊजींकडे सरकवला. "दाब."

"मी कशाला? तू चालवत होतास."

"मी नुसता चालत आलो राव. दार तुझं."

"माझं कसं?" विलास भाऊजींनी माउस माझ्यापुढे ठेवला. "वहिनी, तुम्ही दाबा. तुम्हाला इंग्रजी येतं."

"दोन शब्दांचं इंग्रजी आहे भाऊजी, तुम्हालाही येतं."

भास्कर भाऊजींनी चष्मा पुसत विचारलं, "सुहास काय म्हणायचा ओ? राहायचं का जायचं?"

"दर वेळी वेगळं म्हणायचा," विलास भाऊजी म्हणाले. "तू 'जायचं' म्हणालास की तो 'राहायचं'."

माउस टीपॉयवर तसाच होता. बाई आमच्याकडे बघत होती. सासूबाईंनी आम्हा तिघांकडे पाहिलं, मग टीव्हीकडे.

"मघापासून ती बाई दारात उभी आहे," त्या म्हणाल्या. "काय सांगायचं ते सांगा तिला. नाहीतर बस तरी म्हणा."

आणि बाईने एक सुस्कारा टाकला, कोपऱ्यातली खुर्ची ओढली, किल्ल्यांचा जुडगा मांडीवर ठेवला आणि बसली.

भास्कर भाऊजी ताडकन उठले. "वहिनी! आईंचं ऐकलं तिनं!"

"ऐकेल नाही तर काय," सासूबाई म्हणाल्या. "पाय दुखत असतील."

बाईने पिशवीतून लोकर काढली आणि विणायला लागली. उत्तराला उशीर झाला की बसायचं, असं कंपनीने तिला शिकवलेलं असणार. आम्ही चौघं बघत बसलो. पाच टाके विणले की ती मान वर करायची, वाट पाहायची, पुन्हा विणायची. मी उठून चहा ठेवला. चहा झाला, पोहे झाले, चाकणच्या ट्रॅफिकवर बोलून झालं. मग विलास भाऊजींनी गेम आहे तिथे सेव्ह केला आणि दोघं घरी गेले.

त्यानंतरही ते गुरुवारी येतात. बाईला उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.