पहिल्या तोड्याची चव

मामांना लिहिलेला निरोप मी चुकून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'पेटी मिळाली मामा. संत्री काय गोड आहेत! या वयात एवढी तकलीफ काहून घेता?' क्षणात अख्खी बिल्डिंग माझी मामा झाली. "भाच्या, आमच्या वाट्याची पेटी कुठं हाय गा?" तिसऱ्या मजल्यावरून विचारणा आली. "पाण्याची टाकी धुवाले ये, मग देतो," मी उलट लिहिलं. अर्धा तास असा गेला. मग तो निरोप मी पुसून टाकला आणि मामांना जरा निवांत, चांगलं लांबलचक लिहू, असं ठरवलं. माझं ठरवणं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मामा काटोलचे. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. पंचाहत्तरीचे मामा माझ्यासारख्या ढेरपोट्याच्याही वाकून पाया पडायचे आणि मी ओशाळून मागे सरायचो. पाच वर्षं जपलेल्या संत्र्याच्या झाडांचा हा पहिला तोडा. पेटी त्यांनी एसटीनं पाठवली आणि मोबाइलवर बोलून निरोप धाडला, "बापू, दवाईनं माह्या जिभेची चव गेली. गोड का आंबट, मले काहीच समजत नाही. तू खाऊन सांगजो गा."

एवढंच मागितलं होतं. पेटी आम्ही चार दिवसांत संपवली.

दहाव्या दिवशी मामा गेले.

काटोलला मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला पाहून म्हणाल्या, "मोबाइल उशाशीच ठेवत होते गा. मी म्हटलं, फोन लावा ना त्याले. तर म्हणे, नको वं. आंबट निघाली असतीन, म्हणून पोरगं मुकाट हाय. काहून लाजवाचं त्याले?"

एरवी माझं तोंड बंद करायला माणसं लागतात.  तिथं मामींच्या पायांवर डोकं ठेवून नुसता रडलो. "भाच्याचा भारी जीव होता," म्हणत लोकांनी मला उठवलं.

परतीच्या बसमध्ये बायकोला सगळं सांगितलं, टाकीच्या विनोदासकट.  ती म्हणाली, "अहो, पण मामीले तरी सांगितलं का, गोड होती म्हणून?"