बिरूचा हलका हात

हसनाबादच्या शिवारात कुणाची शेळी अडली, मेंढी अडली, की लोक जनावरांच्या डॉक्टरच्या आधी बिरूला फोन लावतात. बिरूचा हात हलका आहे, असं सगळे म्हणतात. कोकराचा पाय आत मुडपलेला असो नाहीतर मान मागं वळलेली असो, बिरू कोपरापर्यंत गोडं तेल चोपडतो, डोळे मिटतो आणि आत हात घालून जनावराशी बोलत राहतो, "हां माय, हां, झालं, झालं." आणि बहुतेक वेळा होतंच.

त्याचा बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला. बिरूनं गावाच्या कडेला दोन खोल्या बांधल्या, मागं मेंढवाडा घातला आणि हिंडणं बंद केलं. पण बापाची नजर त्याच्यात उतरली होती, आणि त्याचा त्याला गर्वही होता. चहाच्या टपरीवर तो सांगायचा, "जनावर बोलत न्हाई म्हन्ता? व्यायला आली की अंगभर बोलून राह्यती. चारा सोडती, कळपातून बाजूला होती, पायानं माती खरडती. पाहणाऱ्याला डोळे पायजेत फक्त."

त्या सकाळी त्याच्या बायकोनं, वर्षाराणीनं, अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. मग ती एकटीच मेंढवाड्याच्या भिंतीशी जाऊन उभी राहिली. नववा महिना सरत आला होता. एका हातानं कंबर धरलेली आणि पायाच्या अंगठ्यानं खालची माती उकरणं चाललेलं. बिरू समोर बसून उरलेली भाकरी खात होता. त्यानं ते सगळं पाहिलं. हे त्याला नंतर विसरता आलं नाही, की त्यानं पाहिलं होतं.

"आवो, कंबर लई भरून आली," ती म्हणाली.

"तारीख पुढच्या हप्त्यातली हाय ना?"

"पोटातल्याला काय कळती तारीख?"

तेवढ्यात दारात चांदपाशाची मोटारसायकल उभी राहिली. चांदपाशा म्हणजे बिरूचा शाळेपासूनचा दोस्त, पलीकडच्या वस्तीवरचा. गाडी बंद न करताच तो ओरडला, "बिरूभाऊ, जल्दी चल यार! अम्मीची शेळी अडली. निस्ता एक पाय बाहेर आलाय, डोक्याचा पत्ता न्हाई!"

बिरू उठला. वर्षाराणी भिंतीपासून न हलता म्हणाली, "आज नका जाऊ."

"अगं, थोरल्या कल्याणच्या येळेला दोन दिवस दवाखान्यात लोळत व्हतीस. माझ्या मेंढ्या तुझ्यापरीस हुशार. असा गेलो अन् असा आलो!"

चांदपाशा हसला. बिरूही हसला. वर्षाराणीनं मान खाली घातली आणि अंगठ्यानं उकरलेली माती पायानंच सारखी केली.

शेळीचं काम अवघड होतं, पण झालं. एक पिल्लू, त्याच्या मागं दुसरं. चांदपाशाची आई रहिमुन्निसा हात जोडून म्हणाली, "अल्लानं तुझ्या हातात काय ठेवलंय रे बेटा!" मग चहा आला. बिरूच्या हातांना अजून चिकट लागलेलं होतं, म्हणून चांदपाशानंच कपबशी त्याच्या तोंडाला लावली. बिरू एका मेंढीची जुनी गोष्ट सांगायला लागला. खिशात फोन वाजला. "वाजू दे," तो म्हणाला. गोष्ट रंगात आली होती. फोन पुन्हा वाजला. मग आणखी एकदा वाजला, तेव्हा चांदपाशानं तो त्याच्या खिशातून काढला आणि कानाला लावून दिला.

पलीकडं बिरूची माय सोनूबाई होती. "बिऱ्या, मेल्या, कुठं मेलास? पाणमोट फुटली तिची! दवाखान्याच्या गाडीला फोन केलाय, पण गाडी भोकरदनहून येऊन राह्यली. तू जल्दी ये!"

चांदपाशानं मोटारसायकल अशी हाणली, की खड्डे खाली होते की वर, तेच कळेना. मागं बसलेला बिरू चिकट हात हवेत धरून होता, एखाद्या गुन्हेगारासारखे.

वर्षाराणी घरात नव्हती. ती मेंढवाड्यात होती, चाऱ्याच्या छपराखाली, अगदी कोपऱ्यात. सोनूबाई तिच्या पाठीशी बसून तिचे खांदे धरून होती. "खाटेवर चल म्हणलं तर ऐकून न्हाई राह्यली," सोनूबाई म्हणाली. "इथंच येऊन बसली. डोकं दिसून राह्यलं, बिऱ्या. गाडी यायची वाट न्हाई पाहत हे लेकरू. हात लाव!"

चांदपाशा लाजून मागं फिरला आणि गाडीला वाट दाखवायला रस्त्याकडं पळाला.

"माय, हात घाण हायेत. शेळीचे."

"मंग धू की!"

बिरू हौदाकडं धावला. काठावर कपड्यांचा साबण होता. त्यानं कोपरापर्यंत हात धुतले. पहिल्या खेपेला धुतले ते खरोखर घाण होते म्हणून. दुसऱ्या खेपेला नखांसाठी. नखंही साफ झाली. वासही गेला. तरी त्यानं पुन्हा साबण उचलला, कारण आज त्याला वाचलेली कोकरं आठवत नव्हती. न वाचलेली आठवत होती. एखादी मेंढी गेली तर मालक म्हणतो, जाऊ दे बिरूभाऊ, तुझा काय दोष. इथं असं कोण म्हणणार होतं?

"अरे किती धुतोस!" छपराखालून सोनूबाई ओरडली. "हळद लागली का तुला?"

"आलो, आलो," बिरू म्हणाला आणि जागचा हलला नाही.

"आवो!" वर्षाराणीचा आवाज आला. मग थोड्या वेळानं, "आवो, या!"

त्यानं पाणी ओतलं. फेस गेला. हात असे स्वच्छ की त्याचेच वाटेनात.

"बिरू!"

मेंढरांनी माना वळवल्या. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण वर्षाराणीनं नवऱ्याचं नाव कधी ओठावर आणलं नव्हतं. रेशनच्या दुकानात विचारलं तरी सासूकडं बघायची. आणि आज तिनं हाक मारली ती सरळ नावानं, एखाद्यानं विहिरीतून मारावी तशी. बिरूला ती स्पष्ट ऐकू आली. त्यानं काय करावं? त्यानं साबण उचलला.

मग रडणं ऐकू आलं. बारीक, चिडलेलं, कोकराच्या ओरडण्यासारखं बिलकुल नव्हे. तो धावत छपराखाली गेला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. वर्षाराणी गुडघ्यांवर होती. आपल्याच दोन्ही हातांनी झेललेली मुलगी तिनं पोटाशी धरली होती. नाळ अजून तशीच, सगळीकडं रक्त आणि कडब्याचा काडीकचरा. तिनं मान वर करून बिरूकडं पाहिलं. तोंडाकडं नाही, हातांकडं. कोपरापर्यंत पांढरा फेस होता.

त्याच वेळी गावची आशा सेविका शालूताई स्कूटीवरून उतरून आत आली. मागून रुग्णवाहिकेचा आवाज. तिच्यातल्या डॉक्टरनं नाळ कापली, बाळाला पुसलं, दोघी ठीक आहेत म्हणून सांगितलं. शालूताईचं लक्ष बिरूच्या हातांकडं गेलं आणि तिचा चेहरा फुलला.

"साबणानं धुतले हात? कोपरापर्यंत? शाब्बास बिरूभाऊ! मी बैठकीत बोलून बोलून थकते, पुरुष माणसं काही ऐकत न्हाईत. तुम्हीच केलं ना बाळंतपण?"

बिरूनं तोंड उघडलं.

"मंग?" सोनूबाई मध्येच म्हणाली. "त्याच्याबिगर व्हतं कोण इथं? माझ्या लेकाचा हातच तसा हाय."

बिरूनं तोंड मिटलं. स्ट्रेचरवर निजलेल्या वर्षाराणीनं डोळे मिटले.

गावाला काय, एवढं पुरलं. शालूताईनं सांगितलं, चांदपाशानं त्याला मीठमसाला लावला, आणि एमआयडीसीत कामाला जाणाऱ्या पोरांच्या टेम्पोतून गोष्ट जालन्यापर्यंत पोहोचली: बिरूनं बायकोचं बाळंतपण मेंढवाड्यात, एकट्यानं, अगदी सहज केलं. टपरीवर लोक त्याचा हात हातात घेऊन उलटासुलटा बघायचे. "दाखव, दाखव, हाच का तो?" बिरू हात खिशात घालायला लागला. घरी लेकीला त्यानं अजून उचललं नव्हतं. आधी म्हणाला, सोयर आहे. मग म्हणाला, मेंढरांतून आलोय, हात घाण आहेत. हे म्हणताना त्याचे कान तापायचे. वर्षाराणी कामापुरतं बोलायची. पाणी ठेवा. कल्याणला अंगणवाडीतून आणा. त्या सकाळबद्दल एक शब्द नाही. तिनं शिव्या घातल्या असत्या तर त्यानं मान खाली घालून ऐकून घेतल्या असत्या.

बारशाला घर बायकांनी भरलं. रहिमुन्निसा बाळासाठी झबलं घेऊन आली. वर्षाराणी पाळण्याशी बसली होती, मांडीवर लेक. बिरू घुगऱ्यांचं पातेलं घेऊन दारात आला, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "वर्षे, उखाणा झाल्याबिगर पाळणा हलत न्हाई हां! नाव घे!"

"घे की गं! असा नवरा कुणाला भेटतो? आमचा तर साधा चहा करून देत न्हाई!"

"अन् यानं बाळंतपण केलं! नाव घे, नाव घे!"

वर्षाराणी लेकीच्या अंगावरचं दुपटं सारखं करत राहिली. मग हळूच म्हणाली, "घेतलं व्हतं."

"कवा? आम्ही कुठं व्हतो?"

"मेंढवाड्यात. मोठ्यानं घेतलं. ऐकू न्हाई गेलं कुणाला."

बायका खळखळून हसल्या. सोनूबाई हसली नाही. तिनं दाराकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच लेकाला सांगितलं, पातेलं ठेव अन् जा. बिरूनं पातेलं ठेवलं. पण गेला नाही.

"मला ऐकू आल्तं," तो म्हणाला.

"बिऱ्या, गप."

"ऐकू आल्तं माय. मी हात धूत व्हतो. स्वच्छ झाले तरी धूत व्हतो. हिनंच झेललं लेकराला. मी भिऊन हौदापाशी उभा राह्यलो."

"आगं बाई, लाजून राह्यला!" एक जण म्हणाली आणि पुन्हा हशा उठला.

"हसू नका," बिरू म्हणाला. आवाज फाटला. मग मात्र कुणी हसलं नाही. रहिमुन्निसानं झबल्याची घडी उगाच उलगडली आणि पुन्हा घातली. बिरूला वाटलं होतं, बोलून टाकलं की छाती मोकळी होईल. तसं काही झालं नाही. उलट आता सगळं घर त्याच्या हातांकडं बघत होतं, आणि ते लपवायला खिसा सापडत नव्हता.

वर्षाराणीनं लेकीच्या दुपट्याचं टोक खोचलं. "आता धुतलेत का?"

"हां."

"मंग कोरडे करा. शर्टाला नका पुसू. टावेल हाय तिथं."

त्यानं हात पुसले. बायकांमधून वाट काढत तो तिच्यासमोर जाऊन खाली बसला. तिनं लेक त्याच्या हातांवर ठेवली.

"मान धरा बराबर. कोकरू न्हाई ते."

कित्येक कोकरांच्या माना सरळ केलेला हात त्यानं लेकीच्या मानेखाली सरकवला. लेकीनं जांभई दिली. बिरूनं वर पाहायचा धीर केला नाही. लेकीकडंच बघत राहिला. तिच्या मानेखाली त्याचा हात होता, आणि त्याच्या हाताखाली वर्षाराणीचा. तो तिनं अजून काढला नव्हता.