‘कळतं’ म्हणणाऱ्या कोचताई

कोचताई कधी टाचा टेकवून उभ्या राहत नसत. मँचेस्टरच्या थंडीत ट्रामच्या स्टॉपवर आम्ही सगळ्या कोटात माना खुपसून ठोकळ्यासारख्या उभ्या असायचो आणि ह्या मात्र चवड्यांवर, गुडघे किंचित वाकवून, जणू आत्ता मागून कोणाचा तरी हात पडणार आणि निसटावं लागणार. वय चाळिशीच्या पुढे, डाव्या गुडघ्यावर शस्त्रक्रियेचा व्रण, अंगात नवऱ्याचं जुनं जॅकेट. तरी ट्रामचं दार उघडलं की त्या गर्दीतून सगळ्यांच्या आधी आत पोचलेल्या असत, आणि एकाही माणसाला त्यांचा साधा धक्का लागलेला नसे.

आमच्या युनिव्हर्सिटीत मुलींचा खो-खोचा संघ होता. निम्म्या मुली माझ्यासारख्या पुण्या-नागपूरहून मास्टर्सला आलेल्या आणि निम्म्या इथेच जन्मलेल्या. त्यातली अनया लंडनजवळच्या पिनरची. तिने गणपतीच्या कार्यक्रमातला एक फोटो घरी पाठवला, तर तिच्या बाबांनी लगेच फोन केला, “अगं, तुमच्या मागे उभ्या आहेत त्या कोण आहेत माहितेय का?” त्यांनीच त्या बाईंच्या तरुणपणीच्या एका खो-खो सामन्याचा जुना व्हिडिओ शोधून पाठवला. मातीचं मैदान, पिवळे दिवे, हलणारं चित्र. खांबापाशी एक काटकुळी मुलगी उभी. पाठलाग करणारी तिच्यावर झेप घेते आणि ती तिथे नसतेच. पुन्हा झेप, पुन्हा नाही. शिट्टी वाजेपर्यंत ती बाद होतच नाही. आम्ही तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की मैदानाबाहेरच्या लोकांची ओरडसुद्धा आम्हाला पाठ झाली.

संघाला शिकवाल का, असं विचारायला आम्ही दोघी-तिघी त्यांच्या घरी गेलो. खेळाडूंच्या कोट्यातून मिळालेली बँकेतली नोकरी सोडून त्या नवऱ्याबरोबर इकडे आल्या होत्या. नवरा हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या विभागात. “मला कोण बोलावतंय इथं!” असं म्हणून त्या हसल्या आणि स्टीलच्या डब्यातलं सांगलीचं भडंग आमच्यापुढे ठेवलं. काका म्हणाले, “जा की गं. नाहीतरी घरात भिंतींना हुलकावण्या देत असतीस.” त्या दिवशी अनयाने ‘कोच’ला ‘ताई’ जोडलं आणि त्या आम्हा सगळ्यांच्या कोचताई झाल्या.

पहिल्या दिवशी त्यांनी आम्हाला काही सांगितलं नाही. बूट घट्ट बांधले आणि म्हणाल्या, “चला, धरा मला.” आम्ही पाटीवर बसलो आणि एकमेकींना खो देत त्यांच्यामागे धावून धावून दमलो. त्या स्पोर्ट्स हॉलच्या लाकडी फरशीवर बुटांचा चर्र आवाज व्हायचा आणि तो आवाज यायच्या आत त्या दुसऱ्या बाजूला असायच्या. शेजारच्या कोर्टावरची बॅडमिंटनवाली मुलंसुद्धा खेळ थांबवून बघत राहिली. धाप लागलेल्या अनयाने विचारलं, “कोचताई, तो कसा केला तुम्ही? म्हणजे लेफ्ट जायचा की राइट, हाउ डू यू नो?”

कोचताईंनी खरंच विचार केला. कपाळाला आठ्या घालून आपल्या पायांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “ठरवायचं काय त्यात? कळतं.”

आम्ही टाळ्या वाजवल्या. तेव्हा ते उत्तर आम्हाला फार मोठं वाटलं होतं.

पुढे वर्षभर आम्हाला तेच उत्तर मिळत राहिलं. खांबाजवळ कधी वळायचं? कळतं. समोरचीचे खांदे बघायचे की पाय? कळतं. आम्हाला कळत नसे. मग त्या उठून स्वतः करून दाखवत, “असं नाही, असं!” आणि ते ‘असं’ इतक्या झटक्यात होऊन जाई की आम्ही एकमेकींची तोंडं बघत बसू. हळू करून दाखवा म्हटलं तर त्यांना ते जमतच नसे. हळू करायला गेल्या की त्यांचा पाय चुकायचा आणि त्या स्वतःवरच चिडायच्या. एकदा म्हणाल्या, “हळू केलं की ते राहतच नाही गं. दुसरंच काहीतरी होतं.”

माया मात्र त्यांची उदंड होती. कोणाचा घोटा मुरगळला तर त्या खाली बसून तिचा पाय मांडीवर घेत आणि स्वतः पट्टी बांधत. मला परीक्षेच्या दिवसांत ताप आला तेव्हा दोन ट्राम बदलून मऊ भात घेऊन आल्या आणि खोलीतली भांडी घासून गेल्या. पण हॉलमध्ये आल्या की त्यांचा चेहरा बदलायचा. मुलगी अडखळली की त्यांना तो आळस वाटे. कोणी विचार करताना दिसली की त्या कडाडत, “विचार कशाला करतीस? विचार केला की बाद!” आम्ही हळूहळू विचारणं बंद केलं.

सर्वांत जास्त बोलणी अनयाने खाल्ली, कारण सर्वांत चांगली तीच होती. लांब पाय, विलक्षण नजर. पण ती विचारून, समजून, मनात उलगडून खेळणारी मुलगी होती. एखादी गोष्ट तिला नीट सांगितली की पुढच्या खेपेला ती बरोबर करायची. कोचताई मला म्हणायच्या, “ह्या पोरीत आहे गं. माझ्यापेक्षा जास्त आहे. पण ही ते बाहेर का येऊ देत नाही?” आणि मग हॉलभर ऐकू जाईल असं ओरडायच्या, “अनया, तुला खेळायचंच नाहीये!”

एकदा परतताना ट्राममध्ये अनया माझ्याशेजारी बसली होती. खिडकीबाहेर बघत म्हणाली, “मला प्रॅक्टिसच्या आधी उलटी होतो आता. दर वेळी. प्लीज, कोचताईंना नको सांगू.”

पण तिचं वजन उतरत चाललेलं दिसत होतं, म्हणून मी कोचताईंच्या घरी जाऊन सांगितलं. त्या स्वयंपाकघरात कणीक मळत होत्या. हात थांबले. मग कणकेच्याच हातांनी डोळे टिपले. “मी तिला घाबरवलं? मी?” त्यांना ते खरोखरच माहीत नव्हतं.

त्या रविवारी दुपारी त्यांनी मला पुन्हा बोलावलं आणि माझ्यासमोर गावी आपल्या मास्तरांना फोन लावला. शाळेतले खेळाचे मास्तर. स्वतः कधी तालुक्याच्या संघातही खेळले नव्हते, पण त्यांच्या हाताखालून कितीतरी मुली राज्याच्या संघात गेल्या होत्या. आता फार थकले होते. स्पीकरवर त्यांचा कापरा आवाज आला, “कोण? सुमे, तू होय?”

“मास्तर, तुम्ही मला काय शिकवलंत, ते सांगा की. मला इथं पोरींना शिकवायचंय.”

“तुला?” मास्तर हसले. “तुला काय शिकवायचं होतं? तू आलीस ती पळतच आलीस. मी आपला तुझ्या मध्ये यायचो नाही, गप बसायचो. बाकीच्या पोरींना मात्र घसा फुटेस्तोवर सांगायला लागायचं.”

“त्यांना काय सांगायचात?”

“आता ते कुठलं आठवायला गं? एकेकीला एकेक.”

फोन ठेवल्यावर कोचताई खुर्चीत बसून राहिल्या. म्हणाल्या, “बाकीच्यांना सांगत असायचे, ते दिसायचं मला. पण मी कधी ऐकलंच नाही. माझं पळून व्हायचं आणि मी पाणी प्यायला जायची.” मग स्वतःशीच मान हलवून म्हणाल्या, “मी पण गप बसेन. अनयाच्या मध्ये यायचं नाही. एवढं तर जमेल मला.”

त्यानंतरच्या सरावांत त्या खरोखर गप्प बसल्या. ओठ घट्ट मिटून, हात मागे बांधून. ओरडणं थांबलं म्हणून आम्हाला बरं वाटलं. अनयाला मात्र काहीच उमगेना. ती प्रत्येक डावानंतर त्यांच्याकडे बघायची आणि त्या नजर दुसरीकडे वळवायच्या, आपला चेहरा बघून पोरगी घाबरू नये म्हणून.

बर्मिंगहॅमला युनिव्हर्सिटींच्या संघांची स्पर्धा होती. उपान्त्य सामन्यात शेवटच्या डावात आमची शेवटची तुकडी मैदानात उतरली, तिच्यात अनया. बाकीच्या दोघी बाद झाल्या. ती एकटी उरली आणि थोडा वेळ टिकली असती तर आम्ही जिंकत होतो. ती सुंदर पळत होती. मग पाठलाग करणारीने खांबापाशी काहीतरी नवंच केलं, येते येते असं भासवून मागेच थांबली. अनयाही थांबली आणि तिने मान वळवून कोचताईंकडे पाहिलं. एक शब्द हवा होता तिला. डावीकडे, उजवीकडे, काहीही. मी कोचताईंच्या शेजारीच बसले होते. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला नाही. तेवढ्यात हात पडला आणि शिट्टी वाजली.

अनया तिथेच, मैदानाच्या मधोमध खाली बसली.

बाहेर कॉरिडॉरमध्ये कोचताई तिच्याजवळ गेल्या. ती रडत नव्हती. शांतपणे म्हणाली, “तुम्ही काहीच नाही बोलले. मी बघत होती तुमच्याकडे.”

“मला माहीत नव्हतं गं काय सांगायचं,” कोचताई म्हणाल्या. “मी असते तर पळाले असते. पण कुठं, ते मला आत्तापण सांगता येत नाही.”

अनयाने मान डोलवली, बॅग उचलली आणि मिनीबसमध्ये सगळ्यांत मागे जाऊन बसली. त्यानंतर ती सरावाला आली नाही. मी तिला पुष्कळ समजावलं. ती म्हणाली, “शी इज लव्हली. पण मला आता पळायला नाही आवडत.” तिने नुसता संघ नाही, खेळच सोडला. तिच्यामागे आणखी काही जणी गेल्या. टर्म संपली तेव्हा पाटीवर बसायलासुद्धा पुरेशा मुली नव्हत्या आणि हॉलची आमची वेळ विद्यार्थ्यांच्या दुसऱ्या एका मंडळाला गेली. युनिव्हर्सिटीच्या खेळांच्या कमिटीतली मुलं म्हणत राहिली, स्टार खेळाडू कोच होत नसतात, आधीच कळायला हवं होतं. मला त्यांचा राग यायचा. ते चूक बोलत होते असं नाही. पण ज्या बाईने एवढी धडपड केली, तिचा निकाल ते वेफर्स खाता खाता लावून मोकळे झाले.

काकांना मिल्टन कीन्सच्या बाजूला नोकरी मिळाली आणि ती दोघं तिकडे गेली. गेल्या उन्हाळ्यात मी भेटायला गेले होते. घराजवळ मोठं मोकळं मैदान आहे, तिथे आम्ही फिरायला निघालो. कोचताई आता सावकाश चालतात. गुडघा दुखतो म्हणाल्या. अनयाची चौकशी केली. ती लंडनला नोकरी करते, बरी आहे, एवढंच मी सांगितलं. पळते का, हे त्यांनी विचारलं नाही.

घरी परत आलो तर तिथल्या मराठी मंडळाचे एक गृहस्थ येऊन बसले होते. मोठे आर्जवी. शनिवारी मुलांना खो-खो शिकवाल का, म्हणून विचारायला आले होते. “पंचवीस-तीस मुलं येतील, ताई. मुलीच जास्त. तुम्ही नुसत्या उभ्या राहिलात तरी चालेल आम्हाला.”

कोचताईंनी नाही म्हटलं. गुडघ्याचं कारण सांगितलं, त्यांना चहा दिला, दारापर्यंत सोडायला गेल्या. त्या आत आल्यावर मी म्हटलं, “लहान मुलं आहेत हो, कोचताई. स्पर्धा नाही, काही नाही. मजा म्हणून तरी जा.”

त्या कपबशा गोळा करत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “नको गं. त्यात एखादी चांगली पोरगी असली तर?”