सहा बोल्ट आणि माझी तत्त्वं

तुमची तत्त्वं कधी आईच्या माहेराच्या आड आली आहेत का? माझी आली. बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमाराला, चिंचवडला.

अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, एक लांबलचक अमेरिकन गाडी जुन्यात घेतली होती. इंजिन मेलेलं, कधीच काढून ठेवलेलं. (तीन वर्षांत तिच्यात फक्त शेजारची कोंबडी बसली!) आईला तिच्यातूनच तळेगावला माहेरी जायचं होतं. कारण मामी सारखी विचारायची, "वन्सं, गाडी खरंच आहे ना?"

एके दिवशी गेनू मिस्त्री धावत आले. "अण्णा, पिंपरीच्या भंगारात इंजिन आलंय! कंपनी तीच, वर्ष निराळं. बेलहाउसिंगचे बोल्ट जुळले तरच घ्या."

बेलहाउसिंग म्हणजे गिअरबॉक्सच्या तोंडावरचं घंटेसारखं कवच. इंजिन त्यालाच कसतात. कवचावर कागद ठेवून भोकं पाडायची आणि तो कागद इंजिनावर लावून बघायचा, एवढंच काम.

"मी जातो!" मी गरजलो. तेव्हा मी कामगार चळवळीत होतो, खिशात घोषणेची पत्रकं होतीच. एक कवचावर दाबलं, घोषणा वर ठेवून सहा भोकं पाडली आणि सायकल हाणली. आई नवं लुगडं नेसायला आत गेली.

भंगारात पत्रक इंजिनावर लावलं. चार भोकं जुळली, दोन नाहीत!

"राव, कागद पालथा करून बघा," भंगारवाला म्हणाला.

"कामगारांची घोषणा त्या काळ्या ग्रीसमध्ये पालथी घालू? कदापि नाही!"

वर एकाच कंपनीच्या इंजिनांत ऐक्य नसल्याबद्दल मी त्याला अर्धा तास भाषण दिलं. (तो जेवत होता.) आणि इंजिन नाकारून ताठ मानेनं घरी आलो.

मिस्त्रींनी कपाळ धरलं. "आरं भावा, इंजिन आन् कवच तोंडाला तोंड लावून बसत्यात. समोरच्या मानसाचा उजवा हात तुज्या डाव्याकडं येतो का न्हाई?"

"येतो."

"मग कागद उलटायचा न्हाई व्हय!"

आम्ही धावलो. इंजिन चाकणच्या एका माणसानं नुकतंच उचललं होतं. भंगारवाला म्हणाला, "भाषण ऐकायला तोही थांबला होता. शेवटी वैतागून घेऊनच गेला."

अण्णांनी मला गाडीला हात लावायची बंदी केली. आई मात्र त्याच लुगड्यात पॅसेंजर गाडीनं तळेगावला गेली, मला सोबत घेऊन. मामीनं दारातच विचारलं, "गाडी?"

"गाडी चांगली आहे गं," आई म्हणाली, "पोरगं दुरुस्तीला आलंय."

तेव्हा वाचकहो, आईला माहेरी जायचं असेल तर उद्याच घेऊन जा, मिळेल त्या वाहनानं. आणि माझ्यासारखा कुणी तत्त्वनिष्ठ मदतीला आलाच, तर त्याच्या हातात फक्त पिशवी द्या!