चर्चचा गवंडी

माझे मामा गवंडी. जुन्या प्रेसबिटेरियन चर्चच्या दगडी भिंती त्यांनी तीस वर्षं चुन्याने सांभाळल्या. आत ना मूर्ती, ना चित्रं. मधोमध उंच व्यासपीठ आणि चार उघड्या भिंती. "इथं भिंत हाच दागिना," मामा म्हणायचे.

चर्चला शंभर वर्षं झाली तेव्हा कारभारी वडीलमंडळींना दगडांच्या सांध्यांत सिमेंट हवं झालं. मामा म्हणाले, "चुन्यातून ओल बाहेर पडते. सिमेंट ती दगडातच कोंडेल, दगड फुटेल."

"तुम्ही थापी धरा, अक्कल शिकवू नका," असं सुनावून त्यांनी शहरातून ठेकेदार आणून सिमेंट भरून घेतलं. मामांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

वीस वर्षांत दगडांचे पापुद्रे निघाले. मग बाहेरून एक तज्ज्ञ आले आणि मामांचंच वाक्य कोट घालून बोलले. माना डोलावताना त्या वडीलमंडळींतल्या एकालाही लाज वाटली नाही.

परवा चर्चच्या इतिहासाची पुस्तिका निघाली. मामांना आता दिसत नाही, म्हणून मी वाचून दाखवली: "स्थानिक गवंड्याच्या अज्ञानामुळे भिंतींचं नुकसान झालं." गावात गवंडी एकच, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मामांनी विचारलं, "आणि त्या तीस वर्षांचं काय लिहिलंय?"

"एवढंच लिहिलंय, मामा."